फुलस्केपवरची टोपी

कार्डांची खोली,
४ जानेवारी, सकाळी साडेनऊ

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच समज. डावा गुडघा अजून वाकत नाही.)

तू बरा असशील. वहिनींचा खांदा आता वर उचलला जातो का ते कळव. त्यांना म्हणावं, मालिशवाल्या बाईला मध्येच सोडू नका. तुमच्या घरात कामं अर्धी टाकायची सवय आहे म्हणून सांगते. इकडे मी ठीक. खिडकीची फुटकी काच तू गेल्या वर्षी बदलून देणार होतास, तिथे अजून पुठ्ठाच आहे. पुठ्ठा चांगला आहे, तक्रार नाही. वारा आला की थाडथाड वाजतो एवढंच.

फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू बोलतोस आणि मी ‘हं’ म्हणते. कागदावर तुला मध्येच तोडता येत नाही. म्हणून कागद.

पान १८६ चं प्रूफ काल मिळालं. सोबत तुझी चिठ्ठी. चार ओळींच्या चिठ्ठीत ‘घाई आहे, डोळा काढून लगेच पाठव’ हे दोनदा. तेव्हाच कळलं की कुठेतरी पाणी मुरतंय. पान पाहिलं. बाकी सगळं नीट आहे, एकच नोंद अडली आहे. फुलस्केप.

मी तुला गेल्या महिन्यात नवी नोंद लिहून पाठवली होती. तू ती लाल पेनाने आडवी-उभी खोडलीस आणि समासात लिहिलंस, ‘जुनीच ठेवावी.’ कारण नाही, चर्चा नाही. संपादक झालास म्हणजे न्यायाधीश झालास का रे?

आता बस, आणि वाच.

आपला कोश कसला आहे? इंग्रजीतल्या जोडशब्दांचा. दोन साधेभोळे शब्द एकमेकांना चिकटतात आणि तिसराच अर्थ घेऊन बसतात, तो अर्थ कुठून आला हे सांगायचं, एवढंच आपलं काम. अण्णांनी त्यात जन्म घालवला, पाठोपाठ आपण दोघांनी. फुलस्केप हा त्यातला अण्णांचा सगळ्यात लाडका शब्द. शाळेत असताना आपण समजायचो की फुल म्हणजे अख्खा, म्हणून अख्खा कागद. अण्णांनी आपल्याला समोर बसवून सांगितलं होतं, ‘अरे शहाण्यांनो, फुल म्हणजे मूर्ख. कॅप म्हणजे टोपी. मूर्खाची टोपी!’ आपण दोघं पोट धरधरून हसलो होतो. अर्ज, निकाल, परीक्षेचे पेपर, सगळं ज्या कागदावर लिहायचं त्याचं नाव मूर्खाची टोपी. तू तर दुसऱ्या दिवशी मास्तरांना सांगायला गेलास आणि कान लाल करून परत आलास.

इथपर्यंत खरं आहे. पुढे भानगड आहे. आपल्या कोशाच्या तिन्ही आवृत्त्या सांगतात की इंग्रजांनी आपल्या एका राजाचं मुंडकं उडवलं, आणि त्याच्या जागी आलेल्या लोकांनी राजाची खिल्ली उडवायला सरकारी कागदातलं राजचिन्ह काढून तिथे विदूषकाची घुंगरांची टोपी घातली. तेव्हापासून हे नाव. गोष्ट झकास आहे. अण्णा ती भाषणात सांगायचे तेव्हा शेवटी टेबलावर थाप मारून म्हणायचे, ‘मुकुट गेला, टोपी राहिली!’ आणि टाळ्या.

दादा, गोष्ट खोटी आहे. कागद उजेडात धरला की आत चित्र दिसतं ना, जलचिन्ह, ते टोपीचं चित्र त्या राजाचा जन्म व्हायच्या शंभराहून जास्त वर्षं आधीच्या कागदात आहे. तेही इंग्रजांच्या नाही, भलत्याच देशांतल्या कागदात. कागद बनवणाऱ्या कुणाला तरी विदूषकाची टोपी काढावीशी वाटली, लोकांना आवडली, बाकीच्यांनी उचलली. पुढे टोपीवाल्या कागदाचं माप ठरलं, टोपी गेली, माप राहिलं, मापाला टोपीचं नाव राहिलं. राजा नाही, सूड नाही, मुंडकं नाही. एका कारागिराची गंमत आहे. मला तर ही गोष्ट जास्त आवडते, पण माझ्या आवडीचा प्रश्न नाही. मोठ्या ग्रंथालयात जाऊन, जुन्या जलचिन्हांची जाडजूड सूची काढायला लावून, मी ते चित्र आणि त्याखालचं साल पाहून आले आहे. पान नंबर नव्या कार्डावर आहे.

आणि तू म्हणतोस, जुनीच ठेवावी. का, ते कळतं मला. ही आवृत्ती अण्णांच्या जन्मशताब्दीची. त्यांची प्रस्तावना फोटोसकट पुन्हा छापली जाणार, आणि प्रस्तावनेची पहिली ओळच ‘मुकुट गेला’.

अण्णांचा नियम तुला आठवतो का? ज्याने आधार स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला त्यानेच कार्डाच्या कोपऱ्यात छोटा डोळा काढायचा. ऐकलं, कुणी सांगितलं, असेल बहुतेक, हे चालणार नाही. आणि पान छापायला जाताना त्यावर कार्डांच्या खोलीचा डोळा हवा, नाहीतर छापखान्याने यंत्रावर चढवायचं नाही. छापखान्याशी केलेल्या करारात चौथं कलम आहे, अण्णांच्या हाताने लिहिलेलं. तो नवा कारकून आठवतो? पाहुण्यांसमोर म्हणाला होता, ‘सकाळपासून बसलोय, पण ताईंनी मला अजून डोळा दिला नाही!’ वहिनींच्या घशात चहा अडकला होता.

जुन्या फुलस्केपच्या कार्डावर डोळा तुझा आहे. बाकीचं सोड, डोळा तुझा आहे.

आतल्या पानावर ‘सहसंपादक’ म्हणून माझं नाव घातलंस ते पाहिलं. एकोणचाळीस वर्षांनी. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तीनदा पाहिलं. पण त्या नावाच्या बदल्यात मी डोळ्यावर कातडं ओढीन असं वाटत असेल तर ते नाव राहू दे तुझ्याकडे.

भिंगांना ओळखतोस ना अजून? आपले मुद्रितशोधक. गळ्यात दोरीने भिंग अडकवून फिरायचे ते. त्यांच्याबद्दल पुढे कधीतरी लिहीन.

पान १८६ वर मी डोळा काढणार नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझी,
कात्री


कार्डांची खोली,
१० जानेवारी, दुपार

ती. दादास,

नमस्कार. साष्टांग या वेळी नाही, कागदावरसुद्धा नाही.

तुझं पत्र मिळालं. टाइप केलेलं! सख्ख्या बहिणीला टाइप करून पत्र, आणि खाली ‘प्रमुख संपादक’ असा शिक्का. शिक्का थोडा तिरका पडलाय, पुढच्या वेळी सांभाळ.

तू लिहिलंस: एवढ्याशा टोपीसाठी अण्णांच्या नावाला बट्टा लावतेस. तू लिहिलंस: वय झालं की माणसं हट्टी होतात. (तू माझ्याहून चार वर्षांनी मोठा आहेस.) तू लिहिलंस: भिंग उद्धट होते, अण्णांच्या तोंडाला लागले, म्हणून गेले, त्यांचा इथे संबंध नाही. आणि शेवटी: वीस तारखेपर्यंत डोळा आला नाही तर आतल्या पानावरचं नाव निघेल आणि कार्डांच्या खोलीची किल्ली परत करावी लागेल.

किल्लीचं मी नंतर पाहते. आधी भिंग.

त्या दिवसाचं तुला किती आठवतं मला माहीत नाही. मला सगळं आठवतं. पहिल्या आवृत्तीची प्रुफं चालली होती. अण्णा टेबलाशी, तू त्यांच्या उजव्या हाताला, मी दारात, हातात शंभर कार्डांची चळत. भिंग आत आले ते काखेत एक जाड पुस्तक घेऊन. शांतपणे म्हणाले, ‘अण्णासाहेब, फुलस्केपच्या कार्डावर या इतिहासाचं पान २१७ दिलंय. २१७ वर बटाट्याला लागणाऱ्या किडीची माहिती आहे. पुढेमागे वीस पानं पाहिली. टोपी कुठेच नाही.’ मग खिशातून पातळ कागद काढला. स्वतःच्या रजेत, स्वतः जाऊन, एका जुन्या कागदातलं जलचिन्ह पेन्सिलने गिरवून आणलं होतं त्यांनी. टोपी, टोपीची टोकं, टोकांना घुंगरं. खाली साल. म्हणाले, ‘राजा जन्मायच्या आधीची टोपी आहे ही.’

दोन दिवसांवर अण्णांचं भाषण होतं. टोपी आणि मुकुट त्यात होते, निमंत्रणपत्रिकेवरसुद्धा छापले होते.

अण्णांनी तुझ्याकडे वळून विचारलं, ‘पान तू पाहिलंस?’

तू म्हणालास, ‘पाहिलं.’

झालं. अण्णांचा आवाज चढला. माझ्या मुलाला खोटं पाडतोस, अकरा वर्षं पोसलं त्याचं हे फळ, आणि काय काय. तो गिरवलेला कागद चुरगळून टोपलीत गेला. भिंग दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन आपला डबा, छत्री आणि उशी घेऊन गेले. त्या खुर्चीवर उशी लागायची त्यांना. मी जिन्यात उभी होते. ‘येतो, ताई,’ म्हणाले. मी मान खाली घातली.

तू एवढंच म्हणशील, की हो, मी पान न पाहता पाहिलं म्हटलं, चूक झाली, जुनी गोष्ट आहे. ती तुझी गोष्ट झाली, दादा. मी गेल्या पत्रात ‘डोळा तुझा आहे’ असं ठणकावून लिहिलं आणि ‘बाकीचं सोड’ म्हणून पुढे सटकले. बाकीचं सोडण्यासारखं नव्हतंच. आठवडाभर ते वाक्य मला टोचतंय. मी तुला चोर म्हटलं आणि माल माझ्या पदरात होता.

ते कार्ड माझं आहे.

अक्षर माझं आहे हे तुला माहीत आहे, सगळ्याच कार्डांवर माझं अक्षर आहे. अण्णांचं ठरलेलं वाक्य होतं ना, ‘मुलीचं अक्षर चांगलं, मुलाची नजर चांगली.’ म्हणजे तू शोधायचंस, तू पाहायचंस, मी सुवाच्य उतरवून काढायचं. प्रत्यक्षात काय व्हायचं ते आपण दोघं जाणतो. शोधायची मी, पुस्तकं उतरवायची मी, आणि शनिवारी दुपारी तू रेडिओ ऐकत दोनशे कार्डांवर धडाधड डोळे काढायचास. माझ्यावर विश्वास होता तुझा. शंभरातल्या नव्याण्णव वेळा तो बरोबरही होता.

हे शंभरावं. अण्णांना भाषणासाठी फुलस्केपची काहीतरी चमकदार गोष्ट हवी होती. मला कुठे काही सापडेना. एका साप्ताहिकाच्या कोपऱ्यात, चौकटीत, ती राजाची गोष्ट वाचलेली आठवत होती. आधार नाही, लेखकाचं नाव नाही, वरती केसांच्या तेलाची जाहिरात. मी ती कार्डावर उतरवली. आधाराची जागा मोकळी ठेवता येत नव्हती. समोर फळीवर तो जाड इतिहास होता. त्याचं नाव घातलं. पान किती? दोनशे सतरा. हवेतून. तेवीस वर्षांची होते मी, दादा, आणि २१७ हा आकडा मला खरा वाटण्यासारखा वाटला.

का केलं? त्याचंही उत्तर देते. अण्णांनी कार्ड वाचलं आणि खुर्चीतून उठले. माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, ‘कात्री, आज तू मला राजा आणून दिलास.’ तेराव्या वर्षापासून मी त्यांच्यासाठी कात्रणं कापत होते, कार्डं लिहीत होते, आणि डोक्यावर हात आला तो त्या एकाच दिवशी, त्या एकाच खोट्या कार्डासाठी. मग काय बोलणार होते मी? भिंग पुस्तक घेऊन आत आले तेव्हा मी हातातली चळत पुन्हा मोजायला घेतली. तू ‘पाहिलं’ म्हणालास तेव्हा मला हायसं वाटलं. हे वाक्य लिहायला मला पाऊण तास लागला आहे.

अजून आहे. टोपली रोज संध्याकाळी मी रिकामी करायचे. तो चुरगळलेला कागद मी उचलला, हाताने सारखा केला, आणि फुलस्केपच्या कार्डामागे खणात ठेवून दिला. म्हणजे आपल्या तिघांपैकी खरी टोपी रोज पाहणारी मी एकटी. अण्णा फसले, तू न बघता बोललास, मी बघून गप्प बसले. तीन आवृत्त्या निघाल्या. तिन्ही वेळा त्या पानाचं प्रूफ माझ्या हातात आलं, मी खण उघडला, खण बंद केला.

अण्णा जाईपर्यंत धीर झाला नाही, हे समजण्यासारखं आहे. ते जाऊनही बारा वर्षं झाली. त्याचं कारण माझ्याकडे नाही.

तेव्हा ‘अण्णांच्या नावाला बट्टा’ हे मला सांगू नकोस. अण्णांनी नियम केला तो चांगला होता. तो आपण दोघांनी मोडला, त्यांच्या नाकासमोर, त्यांच्याच प्रेमापोटी. आता शंभराव्या वर्षी त्यांना चौथ्यांदा तेच खोटं बोलायला लावणं म्हणजे सन्मान असेल तर असला सन्मान तू माझा करू नकोस, मी मेल्यावरसुद्धा.

परवा मी भिंगांकडे गेले होते.

लेकीकडे असतात. दुसरा मजला, दाराबाहेर नातवंडांच्या चपलांचा ढीग. एक्याऐंशी वर्षांचे झालेत. अक्षर दिसत नाही आता, माणसं सावल्यांसारखी दिसतात; पण गळ्यात भिंग आहे, तीच दोरी असावी, काळी पडलेली. मी नाव सांगितलं. मग पहिला प्रश्न, ‘ते गिरवलेलं चित्र ठेवलंत का?’

मी म्हटलं, ‘तुम्हाला कसं कळलं, माझ्याकडे आहे?’

‘सकाळी डबा न्यायला आलो तेव्हा टोपलीत पाहिलं. नव्हतं. टोपली तुम्ही रिकामी करायचात.’

मी सांगायला लागले, की कार्ड माझं होतं, पान मी हवेतून घातलं. त्यांनी हात वर करून थांबवलं. ‘ताई, मला तेव्हाच माहीत होतं. फळ्यांपाशी रोज कोण उभं असायचं ते मला दिसत नव्हतं का? दादा कधी फळीकडे फिरकले?’

‘मग अण्णांना का नाही सांगितलंत? तुमची नोकरी राहिली असती.’

म्हणाले, ‘दादा मुलगा होते, ते राहिलेच असते. तुम्हाला त्या खोलीत पुन्हा पाऊल टाकू दिलं नसतं. आणि नव्याण्णव कार्डं बरोबर लिहिणारं माणूस मला दुसरं माहीत नव्हतं.’

मी तिथे बसून रडले, दादा. मोठ्याने, लाजबीज सोडून. त्यांची लेक पाणी घेऊन धावत आली. ते म्हणाले, ‘काही नाही गं, जुनं प्रूफ तपासतोय.’

माफी मागितली तर म्हणाले, माफीचं काय करू, छापील काय ते बोला.

तर छापील बोलते. नोंद माझी जाईल, खरी. त्याखाली लहान टाइपात दोन ओळी: मागील तीन आवृत्त्यांतली कथा निराधार होती, ते कार्ड लिहिणारी मी, माझं पूर्ण नाव. चूक पहिल्या आवृत्तीच्या वेळीच पुराव्यासह दाखवून देणारे मुद्रितशोधक, त्यांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. तुझं नाव घालत नाही. तुझा डोळा तू पाहा. प्रस्तावनेला हात लावत नाही, अण्णांचं बोलणं अण्णांचं. खाली फक्त ‘पाहा, पान १८६’ एवढी टीप.

मान्य असेल तर कळव. नसेल तरी कळव, म्हणजे मला वाट पाहायला नको.

तुझी बहीण


१९ जानेवारी, दुपारी चार

दादा,

तू काहीच कळवलं नाहीस. फक्त काल आतल्या पानाचं नवं प्रूफ पाठवलंस. सहसंपादक ही ओळच नाही, आणि ती जागा मोकळी दिसू नये म्हणून तुझं नाव दोन पॉइंट मोठं केलं आहेस. छान दिसतं. मी त्या पानावर ताबडतोब डोळा काढून दिला. तुझं नाव तूच पाहिलेलं आहेस, आधाराचा प्रश्न नाही.

मग आज सकाळी पान १८६ घेऊन स्वतः छापखान्यात गेले. रिक्षाने गेले, जिना चढले, गुडघ्याने बोंब मारली, मारू दिली. मालकांसमोर तीन वस्तू ठेवल्या: नवं कार्ड, भिंगांनी गिरवलेली टोपी, आणि करार. चौथ्या कलमाचा शेवट तू कधी वाचला आहेस का? मीही परवाच वाचला. ‘मजकुराविषयी संपादकांत मतभेद झाल्यास ज्या कार्डास पुरावा जोडलेला असेल व ज्यावर डोळा असेल, त्यानुसार छापावे; मग संपादक कोणीही असो.’ अण्णांचं अक्षर. ‘कोणीही’खाली दोन रेघा.

मालकांनी चष्मा लावून ते तीनदा वाचलं. मग विचारलं, ‘कार्डावर डोळा कुणाचा?’ मी म्हटलं, ‘आत्ता काढते.’ आणि काढला, दादा, त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच पेनाने. आयुष्यातला पहिला. पानांवर खोलीचा डोळा हजारदा काढला, पण कार्डावर, मी पाहिलं म्हणून, कधीच नाही. जरा बटबटीत आला. बाहुली मोठी झाली.

तुझा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. यंत्र थांबवा म्हणालास ना? मालक काय म्हणाले ते तू ऐकलंसच. ‘साहेब, डोळा आहे. पान चढलंय.’ एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि मला चहा मागवला. त्यांच्यावर राग धरू नकोस. त्यांनी अण्णांचं ऐकलं.

आता मोजून बघ. चार आवृत्त्या, बाराशे पानं, चाळीस हजार कार्डं, त्यातली बहुतेक माझ्या हातची. आणि अख्ख्या कोशात माझं नाव एकदाच आलं आहे, पान १८६ वर, लहान टाइपात, चूक करणारी म्हणून. तू वाचशील तेव्हा तुला कदाचित माझी कीव येईल. येऊ देऊ नकोस. मी आज छापखान्यातून निघाले तेव्हा रस्त्यात लोक माझ्याकडे वळून बघत होते, इतकी ताठ चालत होते, या गुडघ्यावर.

तिथून थेट भिंगांकडे गेले. सोबत छापलेलं पान नेलं, शाईचा वास ताजा होता. त्यांनी कागद हातात घेतला, नाकाशी नेला, परत दिला. म्हणाले, ‘वाचा. आपल्या पद्धतीने.’

आपली पद्धत म्हणजे विरामचिन्हांसकट. तशी वाचली मी अख्खी नोंद, स्वल्पविराम, अर्धविराम, कंस सुरू, कंस पूर्ण. टोपी आली, घुंगरं आली, कागदवाला कारागीर आला. त्यांनी मध्येच थांबवलं. मला वाटलं भरून आलं असेल. तर म्हणतात, ‘पान नंबर दिलाय का?’

‘दिलाय.’

‘स्वतः पाहिलंत?’

‘पाहिलं.’

‘मग पुढे.’

पुढे माझं नाव होतं, ते वाचलं. मग त्यांचं. त्यांच्या वडिलांचं नाव जरा सावकाश वाचलं. ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. मग भिंग हातात धरून म्हणाले, ‘शेवटी काय आहे?’

‘शेवटी पूर्णविराम.’

‘हं,’ म्हणाले. ‘आता बरोबर आहे.’

किल्ली सोबत पाठवते आहे. पाकिटात हाताला लागेल. तू वीस तारखेपर्यंत डोळा नाहीतर किल्ली मागितली होतीस, एक दिवस आधीच देते. फुलस्केपचा खण अर्धा इंच उघडाच ठेवला आहे, तो अडकतो, जोर लावू नकोस. जुनं कार्ड आत आहे, तुझ्या डोळ्यासकट. ते फाडू नकोस. मागे चित्र नाही आता, ते ज्याचं त्याला दिलं.

खिडकीचा पुठ्ठा मात्र बदल. नव्या माणसाला गार वारा लागेल.

हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली,
तुझी बहीण